दुसऱ्यांदा पाहणारी माणसं

२०१९ च्या ऑक्टोबरात स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' सुरू झाली, तेव्हा आदिलाबादच्या आमच्या गल्लीत ती गोष्ट कुणालाच नवी नव्हती. मूळ मल्याळम मालिकेवरून तेलुगूत केलेली 'कार्तिक दीपम' स्टार मा वाहिनीवर दोन वर्षं आधीपासून घराघरात चालू होती. तिथली दीपा इतकी आपली झाली होती की तेलुगू घरांत तिला कुणी नावानं ओळखतच नसे. सगळे 'वंटलक्का' म्हणत, म्हणजे स्वयंपाक करणारी ताई. मराठी मालिकेच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या तेलुगू वहिनी आमच्याकडे येऊन बसल्या आणि आईला म्हणाल्या, "अक्का, आत्ताच डोळे नका पुसू. अजून खूप रडायचं आहे हिला." आई म्हणाली, "तुमच्या दीपाला रडताना पाह्यलं मी. आता आमची कशी रडते ते पाहू दे."

पुढचे कित्येक महिने त्या दोघींचं बोलणं मी शेजारच्या खोलीतून ऐकत होतो. सौंदर्या नावाची सासू दोन्हीकडे आहे, तर कोणती सासू मनातून वाईट आणि कोणती फक्त तोंडानं? तेलुगू दीपा गप्प बसली की घर घाबरतं, मराठी दीपा गप्प बसली की आपला जीव तुटतो, हे आईचं मत. एकदा, मालिकेतल्या नायिकेला मेकअपनं सावळं केलंय हे कुठंतरी वाचल्यावर, आई हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवून म्हणाली, "काळ्या पोरीचीच गोष्ट सांगायची होती ना? मग साऱ्या मुलखात यांना एक काळी पोरगी सापडली नाही?" भाकरी करपली. ते वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. चाहत्यांच्या परीक्षणांचा हा संग्रह तिथून सुरू झाला.

आईनं ती मालिका एक दिवसही चुकवली नाही, हे इथंच सांगायला हवं. तिचा राग मालिका सोडून दिलेल्या माणसाचा नव्हता, जीव लावलेल्या माणसाचा होता. चाहत्यानं केलेलं परीक्षण म्हणजे काय, याचं माझ्याजवळचं उत्तर एवढंच आहे. समीक्षक बहुधा एकदा पाहतो आणि लिहितो. त्याला दुसऱ्या दिवशी दुसरा चित्रपट असतो. चाहता पुन्हा पाहतो. तोच सिनेमा दहा वेळा, तीच कादंबरी दर पावसाळ्यात, मालिकेचा सकाळचा पुन:प्रक्षेपित भाग डाळ निवडताना. पहिल्यांदा पाहताना गोष्ट आपल्याला ओढून नेते. दुसऱ्यांदा तिची शिवण दिसते, टाके दिसतात, कुठं कापड कमी पडलं तेही दिसतं. प्रेमानं डोळा आंधळा होतो असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. जीव असतो म्हणून माणूस परत जातो, आणि परत गेल्याशिवाय काही दिसत नाही.

आमच्या जिल्ह्याला हे दुसऱ्यांदा पाहणं भूगोलानंच दिलं आहे. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातलं पांढरकवडा, रेल्वेनं गेलं की किनवट आणि पुढं नांदेड. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. मामा तिकडे राहिले, मावशी इकडे. २०१४ साली तेलंगण झालं, २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि भैंसा-मुधोळकडची मराठी गावं निर्मल जिल्ह्यात गेली. तरी बेला, जैनद, आदिलाबाद या पट्ट्यात घरातली भाषा मराठी, कचेरीतली तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दूची सरमिसळ आणि आठवडी बाजाराच्या दिवशी कानावर गोंडी, असंच चालू आहे. इथल्या माणसाला गोष्ट क्वचितच एका भाषेत भेटते. 'अशी ही बनवाबनवी' आम्ही पाहिला आणि त्याच्यावरून केलेला तेलुगू 'चित्रम् भळारे विचित्रम्'ही पाहिला. 'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीबरोबर तेलुगूतली तुळसी पाहिली, आणि दोघींची मूळ गोष्ट बंगालीतली आहे हे नंतर कळलं. 'नटसम्राट'चे अप्पासाहेब बेलवलकर २०२३ मध्ये 'रंगमार्तांड' होऊन प्रकाश राज यांच्या रूपानं आले, तेव्हा आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी श्रीराम लागू आठवले आणि मग नाना पाटेकर.

शब्दांचीही गंमत आहे. फॅनला तेलुगूत 'अभिमानी' म्हणतात. आपल्या मराठीत अभिमानी म्हणजे मानी, ताठ मानेचा. आपला शब्द 'चाहता', आणि त्याहून जुना 'रसिक'. अभिमानी माणसाची अब्रू त्याच्या नायकाशी बांधलेली असते. नायक पडला तर तो स्वतः पडतो. रसिक मांडी घालून बसतो, मान डोलावतो, पण सूर चुकला की त्याची मान थांबते. लिहिण्याला मराठीत 'परीक्षण' म्हणतात, म्हणजे लिहिणारा थेट परीक्षकाच्या खुर्चीत. तेलुगूत 'विमर्श' किंवा 'समीक्ष'. आदिलाबादच्या माणसाच्या अंगात अभिमानी आणि रसिक दोघं राहतात आणि त्यांचं रोज भांडण होतं. या संग्रहातली चांगली परीक्षणं त्या भांडणातून आली आहेत.

नव्या वाचकासाठी या लिहिण्याचा मागचा रस्ताही थोडा दाखवतो. चाहत्याचा पहिला लेखी उद्गार म्हणजे पत्र. १९३५ मध्ये बाबूराव पटेलांनी मुंबईत 'फिल्मइंडिया' काढलं. पालघरजवळच्या मासवणचा हा मराठी माणूस इंग्रजीत लिहायचा, पण त्याच्या मासिकाचा जीव होता तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. नट-नटींबद्दल काहीही विचारा, संपादक तिखट उत्तर देणार. पुढं १९५२ पासून रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेनं गावोगावच्या श्रोत्यांना पोस्टकार्ड लिहायला लावलं. आपलं गाणं कोणत्या पायदानावर असावं, यावर भांडणारी ती पत्रं म्हणजे परीक्षणच होतं, एका ओळीचं. फर्माइशीच्या कार्यक्रमात आपल्या गावाचं नाव रेडिओवर ऐकण्यासाठी माणसं श्वास रोखून बसत. आपल्या आवडीची जाहीर नोंद व्हावी, ही भूक तेव्हापासूनची.

वृत्तपत्री परीक्षणात मराठीनं फार लवकर आपला आवाज काढला. १९६० मध्ये 'मार्मिक' निघालं आणि त्यात श्रीकांत ठाकरे 'शुद्ध निषाद' या नावानं सिनेमावर लिहू लागले. स्वतः संगीतकार असलेल्या माणसाचा कान त्या लिहिण्यात होता. इसाक मुजावर यांनी पडद्यामागच्या माणसांचा इतिहास जपला. नट कुठून आला, कोणत्या स्टुडिओत काय घडलं, हे मराठी वाचकाला माहीत आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आणि शिरीष कणेकर. 'यादों की बारात'पासून 'माझी फिल्लमबाजी'पर्यंत त्यांनी जे केलं त्याला मी चाहत्याच्या परीक्षणाचं मराठीतलं घराणंच म्हणेन. लता, दिलीपकुमार, मधुबाला यांच्यावर त्यांनी जीव टाकला आणि तो लपवला नाही. आवडत्या नटाचा पडलेला सिनेमाही ते दोन तास सांगू शकत, कारण त्यांनी तो खरोखर पाहिलेला असे. २०२३ मध्ये ते गेले. आमच्यातल्या निम्म्या लेखकांच्या वाक्यांत त्यांची लकब डोकावते. संपादक म्हणून मी ती पुष्कळ ठिकाणी काढली, काही ठिकाणी हात धजावला नाही.

दुसरं घराणं फिल्म सोसायटीचं. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालयाच्या आधारानं सतीश बहादूर यांनी रसास्वादाचे वर्ग घेतले आणि शॉट, संकलन, ध्वनी यांची भाषा मराठी माणसाच्या तोंडी आली. अरुण खोपकर यांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे त्या वाटेवरचं शिखर. या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मला ते आवडतं वेगळ्या कारणानं. 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय ते लिहिता येणं शक्यच नव्हतं. आमच्या सर्वांत जवळचा दिवा मात्र नांदेडचा. विजय पाडळकर यांनी 'सिनेमाचे दिवस पुन्हा' आणि इतर पुस्तकांतून दाखवलं की मुंबई-पुण्याबाहेर, मराठवाड्यातल्या गावात बसून जगातला सिनेमा पाहता येतो आणि त्यावर सगळ्यांना समजेल अशा भाषेत लिहिता येतं.

पुस्तकांच्या चाहत्यांचा रस्ता वेगळा, आणि त्याची नोंद फार कमी झाली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड यांच्या मागं दोन पिढ्या वेड्या झाल्या. पण त्या वाचकांनी काय वाचलं, कुठं कंटाळले, कोणती गोष्ट लपवून ठेवली, हे कुणी लिहून ठेवलं नाही. नारायण धारप, सुहास शिरवळकर यांच्या वाचकांचंही तेच. 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये सिनेमा आला आणि त्या निमित्तानं जुने वाचक बोलू लागले, तेव्हा कळलं की हे प्रेम किती वर्षं पोटात होतं. वाचकानं लेखकाला मनापासून लिहिलं की ते किती उंच जाऊ शकतं, हे पाहायचं असेल तर सुनीताबाई देशपांडे यांची 'प्रिय जी. ए.'मधली पत्रं वाचावीत. तिथं आदर आहे, हट्ट आहे, आणि जिथं पटत नाही तिथं सरळ 'नाही पटलं' आहे. आमच्याकडं याला आणखी एक पदर आहे. धारप वाचणाऱ्या इथल्या कित्येकांनी यंडमूरी वीरेंद्रनाथ यांची 'तुलसीदळम्' तेलुगूतून वाचली आहे. मराठी भीती आणि तेलुगू भीती यांची तुलना करणारा या संग्रहातला लेख मला दुसरीकडं कुठं वाचायला मिळाला नसता.

तिसरा प्रवाह तेलुगू चाहता संघांचा. पहिल्या दिवसाचा पहिला खेळ, कटआउटला दुधाचा अभिषेक, नायकाच्या वाढदिवसाला रक्तदान. पुण्याच्या पाहुण्याला हे अति वाटतं. एस. व्ही. श्रीनिवास यांनी चिरंजीवींच्या चाहत्यांवर इंग्रजीत 'मेगास्टार' हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला आणि दाखवलं की हे संघ केवळ टाळ्या वाजवत नाहीत. नायकानं काय करावं, कोणती भूमिका त्याला शोभत नाही, याचा ते हक्कानं हिशेब मागतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सिनेमा संपल्यावर टॉकीजबाहेरच्या चहाच्या गाड्यावर अभिमानी मंडळी आपल्या नायकाची जी उलटतपासणी घेतात, तेवढी कठोर समीक्षा मी छापील कागदावर क्वचित वाचली.

मराठी आणि तेलुगू हे दोन्ही डोळे एकत्र आले की काय दिसतं, याचं उदाहरण देतो. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. महाराष्ट्रात त्यावर भरभरून लिहिलं गेलं: जात, प्रेम, गाणी, शेवट. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात, हा भाग बहुतेकांनी 'परमुलूख' म्हणून दोन ओळींत संपवला. आमच्यासाठी हैदराबाद परमुलूख नाही. १९५६ च्या आधीपासून ती आमची राजधानी. दवाखाना, कोर्ट, नोकरी, सगळ्यासाठी आम्ही तिकडंच जातो. या संग्रहातल्या एका मुलीनं, जी शिकायला हैदराबादच्या वसतिगृहात राहिली, 'सैराट' चौथ्यांदा पाहून लिहिलं आहे. ती म्हणते, पहिल्या भागात आर्ची बुलेट चालवते, सगळ्यांना दरडावते, मराठीत समजत नसेल तर इंग्रजीत सांगायची तयारी दाखवते. हैदराबादेत उतरल्यावर आर्चीजवळ भाषाच उरत नाही. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, ती बाटल्यांच्या कारखान्यात. जसजशी तेलुगू तिच्या जिभेवर येते तसतशी तिची मान पुन्हा वर होते. सुमनअक्का ही तिथली बाई त्यांना आधार देऊ शकते, कारण तिला दोन्ही भाषा येतात. मी तो सिनेमा तीनदा पाहिला होता, आणि हे मला दिसलं नव्हतं. तेलुगू संवाद समजणाऱ्या मराठी मुलीलाच ते दिसू शकत होतं. तिचा लेख वाचून मी पुन्हा पाहायला बसलो.

'आरआरआर'बद्दल तर आमच्या घराघरात वाद झाले. मार्च २०२२ मध्ये हा सिनेमा आला तेव्हा अख्ख्या जिल्ह्याची छाती फुगली. त्यातला भीम आमच्या रानातला. गोंड नेता कोमरम भीम जोडेघाटला १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्याच्या नावाशी जोडलेली आहे. अल्लाणी श्रीधर यांनी त्याच्यावर तेलुगू चित्रपट आधीच केला होता, पण तो दूरवर पोचला नाही. ज्युनिअर एनटीआरचा भीम जगभर गेला. पडद्यावर मात्र त्याच्यासमोर दिल्लीतले इंग्रज उभे केले आहेत. एका गोंड शिक्षकानं मराठीत लिहिलेलं परीक्षण या पुस्तकात आहे. नाचाच्या दृश्यावर तो खूश आहे, वाघाच्या दृश्यावर त्याहून खूश. आणि मग तो शांतपणे विचारतो की, आमच्या माणसाच्या लढ्यात आमचं जंगल इतक्या लवकर का संपतं? मला वाटतं, त्या सिनेमावरचा हा सर्वांत न्याय्य प्रश्न आहे, आणि तो विचारायचा हक्क सिनेमावर प्रेम केलेल्या माणसाचाच होता.

हे आत्ता का छापायचं? मत देणं आज फार स्वस्त झालं आहे आणि पाहणं महाग. पहिला खेळ सुटायच्या आत तारे वाटले जातात. पैसे घेऊन स्तुती होते, ठरवून बदनामीही होते. २०२३ मध्ये असा सिनेमे पाडण्याचा विषय केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेला. चाहत्यांच्या टोळ्या एकमेकांच्या नायकांवर तुटून पडतात. या गोंगाटात सावकाश, पुन्हा पाहून, स्वतःच्या गावाच्या नावानिशी लिहिणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे. आमच्यापुरतं आणखी एक कारण आहे. इथं मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, पण शाळेबाहेर मराठी लिहायची वेळ मुलांवर फारशी येत नाही. अर्ज तेलुगूत, नोकरीची परीक्षा इंग्रजी-तेलुगूत. मराठी कानावर टिकली ती मालिकांमुळं. २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाली ती हैदराबादच्या ईनाडू समूहाची, रामोजी फिल्म सिटीतली. 'चार दिवस सासूचे' तिथून तीन हजारांवर भाग चालली आणि आमच्या आयांनी ती रोजच्या रोज पाहिली. ज्या भाषेत रोज ऐकलं त्या भाषेत एकदा लिहूनही पाहा, असं मी मुलांना सांगितलं. निबंध द्यायला कुणी तयार नव्हतं. आवडत्या मालिकेवर लिहायला वही पुरली नाही.

एक जुनी सल सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका नियतकालिकाला परीक्षण पाठवलं होतं. मराठी चित्रपट आणि त्याची तेलुगू आवृत्ती यांची त्यात तुलना होती. लेख छापून आला, पण तेलुगूचा सगळा भाग गळाला होता. आपल्या वाचकांना त्यात रस नसतो, असं कळवण्यात आलं. जो भाग फक्त मी लिहू शकत होतो, तोच कापला गेला. म्हणून या संग्रहात असा एकही परिच्छेद मी कापलेला नाही, मग तो कितीही लांबला असो.

लेख मागवताना आम्ही चारच अटी घातल्या. किमान दोनदा पाहिलेलं किंवा वाचलेलं असावं. कुठं, कुणाबरोबर पाहिलं ते लिहावं. आधी काय आवडलं ते सांगावं, तक्रार मागून. आणि तारे द्यायचे नाहीत. लिहिणाऱ्यांत शिक्षक आहेत, कापूस बाजारातला एक अडत्या आहे, अंगणवाडीताई आहेत, बारावीतली मुलं आहेत. त्यांची भाषा वऱ्हाडी वळणाची आहे, मधूनच तेलुगू शब्द येतात. 'पिच्चर', 'ष्टोरी' मी तसंच ठेवलं आहे. सगळी परीक्षणं सारख्या वजनाची नाहीत. दोन-तीन लेखांत नायकाची निव्वळ आरती आहे, आणि मला ते कमी आवडतात. तरी ते ठेवले, कारण अभिमानी माणूस कसा बोलतो हे वाचकाला त्याच्याच तोंडून कळावं. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ज्या चित्रपटांवर पुरेसं लिहिलं गेलं आहे त्यांना इथं जागा कमी दिली आहे. मालिकांना मुद्दाम जास्त दिली, कारण त्या सर्वांत जास्त पाहिल्या जातात आणि त्यांच्याबद्दल गंभीरपणे सर्वांत कमी लिहिलं जातं.

या पुस्तकात आई आणि शेजारच्या वहिनींचा लेख नाही. दोघींनाही लिहायचा आळस. त्यांचं बोलणं मी वहीतून उतरवून त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा आई म्हणाली, "हे तर आम्ही असंच बोलत होतो. यात छापायचं काय?" मी ते परिशिष्टात छापलं आहे.

वाचकांना एक विनंती. पुस्तक वाचून झाल्यावर तुमची एखादी आवडती मालिका, कादंबरी किंवा पिच्चर परत एकदा पाहा अथवा वाचा, आणि दोन पानं लिहा. कुठं बसून पाहिलं ते पहिल्या ओळीत असू द्या. दुसऱ्या भागासाठी लेख आम्ही आत्तापासून घेत आहोत. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून आले तर फार बरं होईल.

आदिलाबाद